समक्ष पाहिले

कपाट उघडलं तेव्हा तिसरा कप्पा रिकामा होता.

प्रशिक्षण शाखेच्या कारकुनाने कप्प्यात हात फिरवून पाहिला, कपाटाखाली वाकून पाहिलं, आणि मग सरकारी माणूस अशा वेळी जे करतो तेच केलं. वरिष्ठांना फोन लावून 'काल सकाळपर्यंत होत्या, मी स्वतः पाहिल्या' असं सांगून टाकलं. तीन शिकाऊ उमेदवारांच्या तीन नोंदवह्या गायब होत्या. बुधवार होता. सोमवारी त्यांची परीक्षा.

पाण्याचे मीटर तपासण्याची ही सरकारी कार्यशाळा. मीटर टेबलाला जोडायचा, त्यातून पाणी सोडायचं, ते मोजटाकीत साठवायचं आणि टाकीच्या काचनळीवरचा आकडा मीटरच्या आकड्याशी ताडून पाहायचा. शिकाऊने आकडा घ्यायचा. मास्तरने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा आणि वहीत 'समक्ष पाहिले' लिहून सही करायची. वर्षभरात अशा तीनशे नोंदी. त्या वहीशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत.

दुपारी मुख्य कार्यालयातून चौकशीसाहेब आले. माणूस हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. यातली दुसरी गोष्ट जास्त घातक असते.

त्यांनी आधी कपाटाचं कुलूप पाहिलं. फोडलेलं नव्हतं. भिंतीवरच्या फळीला अकरा किल्ल्या टांगलेल्या होत्या, प्रत्येकीला बारीक अक्षरातली चिठ्ठी.

"या नेहमी अशाच असतात?" साहेबांनी विचारलं.

"नाही ना. मी क्रमाने लावतो. आज सकाळी सगळ्या उलटसुलट होत्या," कारकून म्हणाला. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत खोली अर्धा तास उघडीच होती, हेही त्याने जरा खाली बघत कबूल केलं.

वह्या तिन्ही सारख्याच, तपकिरी पुठ्ठ्याच्या. नावं पेन्सिलीने, कोपऱ्यात.

तिघा शिकाऊंपैकी दोन पोरं विशीतली, पलीकडच्या टेबलावर दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली शिकणारी. त्यांना वह्या गेल्याचं दुःख कमी आणि परीक्षा पुढे जाईल याचा आनंद जास्त. तिसरी होती ती ताई. सगळी कार्यशाळा तिला ताईच म्हणे. तिला एक शाळकरी मुलगी होती. नवरा कधीच सोडून गेलेला. 'एक वर्ष पोरगी सांभाळते, पुढचं तुझं तू बघ,' असं तिच्या आईने बजावून ठेवलं होतं. हे प्रमाणपत्र मिळालं तर नोकरी, नाही तर पुन्हा दुकानात दहा तास उभं राहणं.

"कुणाशी वाकडं आहे तुमचं?" साहेबांनी तिला विचारलं.

"नाही."

"संशय?"

"कुणावर नाही. साहेब, चौकशी राहू द्या ना." ती हळू बोलत होती. "रोजच्या तक्त्यावर सगळे आकडे आहेत. रविवारपर्यंत मी नवी वही उतरवून काढते. मास्तर पुन्हा सह्या करतील. अधीक्षक बाई तयार आहेत. तुम्ही फक्त वही हरवली असं लिहून द्या."

"हरवणं वेगळं, चोरी वेगळी. आधी चोर सापडू दे."

तिने पुन्हा विनवलं नाही. जिचं नुकसान झालंय तीच चौकशी नको म्हणते, हे मात्र साहेबांनी टिपून घेतलं. काही वेळ त्यांनी तिच्यावरच संशय घेतला.

मग ते तिच्या मास्तरांकडे गेले. बत्तीस वर्षं एकाच टेबलावर काढलेला माणूस. मीटरला कान लावून तो बिघाड सांगायचा, नवशिके बघत राहायचे. निवृत्तीला दहा महिने उरले होते.

टेबलावर काम चालूच होतं. ताईने काचनळीवरचा आकडा सांगितला. मास्तर वाकले आणि म्हणाले, "बरोबर. लिही."

"नेहमी आधी तीच सांगते?"

"त्याशिवाय शिकणार कशी?" मास्तर हसले.

ताई पुढचा मीटर आणायला भांडारात गेली, तेव्हा साहेबांनी विचारलं, "मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कुठे होतात?"

"इथेच. दुसरं कुठं जाणार?" मग मास्तरांनीच विषय काढला. "एवढी धावपळ कशाला साहेब? वही नसली की शिकाऊला एक वर्ष वाढवून देतात. आजवर असंच झालंय. पोरगी गुणाची आहे. अजून वर्षभर शिकेल माझ्याकडे."

"तिला नाही मिळणार. वाढ तिशीच्या आतल्यांनाच. तिला मागच्या महिन्यात तीस पूर्ण झाली."

मास्तरांच्या हातातला पाना टेबलावर टेकला. "हे मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

साहेबांनी जबाब लिहून पुढे केला. मास्तर म्हणाले, चष्मा घरी राहिलाय, वाचून दाखवा. साहेबांनी वाचला. सही मात्र छापील रेघेवर न होता वरच्या दोन ओळींवर आडवी झाली.

त्या संध्याकाळी साहेबांनी प्रशिक्षण शाखेच्या दारात शिपाई बसवला. गुरुवारी सकाळी त्या शिपायाने एवढंच सांगितलं की मास्तर दोनदा दारापर्यंत आले आणि परत गेले. खांद्यावरची पिशवी त्यांनी अजून उतरवलेली नाही.

साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी अधीक्षक बाईंना आणि कारकुनाला टेबलाजवळ बोलावून घेतलं. ताई तिथेच होती. पाणी सोडलं, बंद केलं. साहेब स्वतः काचनळीपाशी वाकले.

"ताई, तुम्ही गप्प राहा. मास्तर, सदतीस. बरोबर ना?"

मास्तर वाकले. ताईने डोळे मिटून घेतले.

"सदतीस. बरोबर," मास्तर म्हणाले.

"बाई, तुम्ही बघा."

अधीक्षक बाईंनी पाहिलं. "बेचाळीस."

साहेबांना हाच क्षण हवा होता. त्यांनी सावकाश बोलायला सुरुवात केली.

"चोराला एकच वही हवी होती. मग तीन का नेल्या? कारण कोणती कुणाची हे त्याला कळत नव्हतं. पेन्सिलीचं नाव त्याला वाचता येत नव्हतं. किल्ल्या उलटसुलट का? चिठ्ठ्या वाचता येत नव्हत्या म्हणून त्याने एकेक किल्ली लावून पाहिली. कारकुनाला तशी गरज नाही, पोरांनाही नाही. इथे वाचता न येणारा एकच माणूस आहे. त्याला आकडा आधी दुसऱ्याने सांगावा लागतो आणि त्याची सही रेघ सोडून पडते. मास्तर, तुम्हाला दिसत नाही. ताई तुमचे डोळे आहेत. ती गेली तर आठवड्यात तुमचं बिंग फुटणार. वही गेली की तिला वर्ष वाढवून मिळेल आणि तोवर तुम्ही निवृत्त व्हाल. हाच हिशेब होता ना?"

मास्तरांनी पिशवी उतरवली. आत डबा होता आणि डब्याखाली तीन तपकिरी वह्या.

"चालता येतं. माणूस ओळखू येतो," ते म्हणाले. "अक्षर तेवढं दिसत नाही. डोळ्याचा पडदा सुकतोय, इलाज नाही म्हणतात. पोरी, तुझ्या वयाचं मला खरंच माहीत नव्हतं गं. काल कळलं. आज परत ठेवायला आलो होतो."

ताईने मान हलवली. तिला ते खरं वाटलं होतं आणि त्याने काहीच फरक पडणार नव्हता.

"चला, वह्या मिळाल्या," साहेब हात चोळत म्हणाले. "ताई, आता बसा सोमवारी परीक्षेला."

अधीक्षक बाईंनी ताईची वही उघडली होती. त्या पानं उलटत होत्या. प्रत्येक ओळीपुढे 'समक्ष पाहिले' आणि खाली सही.

"कशी बसेल?" त्या म्हणाल्या. "यांना दिसत नाही हे तुम्ही आत्ताच सगळ्यांसमोर सिद्ध केलंत. मग या तीनशे नोंदी पाहिल्या कुणी? ही वही मी पुढे पाठवूच शकत नाही. पोरांच्या जातील."

नियम साहेबांनाही पाठ होता. चोर शोधण्याच्या नादात तो आठवला नव्हता, एवढंच. आकडे खरे होते, तिने ते एकटीने, एकही न चुकता घेतले होते. पण तिच्या खरेपणाला सहीची जागा कुठेच नव्हती.

"तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी ताईला विचारलं.

"आठ महिन्यांपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर हेच झालं असतं. तेव्हा झालं असतं, आता झालं." तिचा आवाज चढला नाही. "काल तुम्हाला म्हटलं होतं साहेब, हरवली लिहा. एवढंच लिहायचं होतं तुम्हाला."

साहेबांना लाज वाटली. भर कार्यशाळेत, बत्तीस वर्षांच्या माणसासमोर आणि या बाईसमोर, त्यांना अगदी मनापासून लाज वाटली. त्या लाजेचा कुणाला काही उपयोग नव्हता.

मास्तरांना घरी पाठवण्याचा आदेश तासाभरात टाइप झाला. ताईने टेबल पुसलं, मोजटाकीतलं पाणी सोडून दिलं, हजेरीपटावर जाण्याची वेळ लिहिली. पोरं तिला काहीतरी विचारत होती, परीक्षेत काचनळी कुठून वाचायची असं. तिने त्यांना नीट समजावून सांगितलं. मग ती मास्तरांबरोबर फाटकापर्यंत गेली.

साहेब अहवाल भरायला बसले. छापील नमुना होता. चोरी कुणी केली, का केली, हे त्यांनी भराभर लिहिलं. 'गेलेली वस्तू मिळाली काय?' होय, तिन्ही. शेवटचा रकाना 'झालेले नुकसान' असा होता. तिथे त्यांचं पेन थांबलं.

"अडलं कुठे?" अधीक्षक बाईंनी विचारलं.

"नुकसानीत काय लिहू?"

"तिन्ही वह्या मिळाल्या ना? मग नुकसान कसलं?"

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. फाटकाशी आता कुणी नव्हतं. त्यांनी रकान्यात 'निरंक' लिहिलं आणि खाली सही केली.