दूध आणायला गेलेला

“आत ये म्हणणार नाहीस?”

दारात थ्रासोसची आई उभी होती! डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, हातात दफनभूमीच्या कचेरीतून आलेला कागद... ‘तो माणूस घरात असेपर्यंत मी तुझी पायरी चढणार नाही’ असं पोटच्या मुलाला ठणकावून सांगणारी ही बाई आज त्याच पायरीवर धापा टाकत होती. होड्या रंगवून निळे झालेले हात अर्गिरीसने पँटला पुसले आणि तो बाजूला झाला.

“या ना, एव्दोकियाबाई.”

“बसायला नाही आले. तीन वर्षं भरली. शुक्रवारी थ्रासोसला कबरीतून वर काढणार आहेत, जागा हवीय त्यांना दुसऱ्या कुणासाठी.” बाईंनी कागद पुढे केला. “अस्थी धुवायला घरचं माणूस लागतं. माझे हात हे असे कापतात, बशीसुद्धा धरवत नाही. त्याचं डोकं कसं धरू रे मी?”

घरचं माणूस! ग्रीसमधल्या कवालाच्या बंदरावरच्या ह्याच दोन खोल्यांत अर्गिरीस आणि थ्रासोस चौदा वर्षं राहिले, भांडले, एकमेकांच्या तापात जागले. मग थ्रासोसने अंथरूण धरलं आणि तो आईसाठी व्याकुळ झाला... आणि आई तर एकदा हट्टाला पेटली की देवाच्या बापाचंही ऐकणार नाही! तेव्हा एका सकाळी अर्गिरीसनेच आपली पिशवी भरली, ‘बोटीचं काम आलंय, जाऊन येतो’ असं हसत सांगितलं आणि तो स्वतःच्याच घरातून बाहेर पडला. समोरच्या धक्क्यावर दुरुस्तीला आलेल्या एका होडीत तो ह्या खिडकीकडे डोळे लावून राहिला. मुलाला आई मिळाली. अकराव्या दिवशी खिडकी बंद झाली, आणि आपलं सर्वस्व गेलं हे त्याला त्या बंद खिडकीवरून कळलं! अंत्ययात्रेत तो सगळ्यांच्या मागे, वाटेवरच्या कुणा परक्यासारखा चालला होता.

शुक्रवारी कचेरीतल्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही आई. आणि हे मयताचे कोण?”

“मित्र,” अर्गिरीस सवयीने म्हणाला. एव्दोकियाबाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

कबर उघडली. खणणारा म्हातारा एकेक हाड वर देत होता आणि अर्गिरीस ते आधी पाण्याने, मग रीतीप्रमाणे लाल वाइनने धूत होता, इतक्या हळुवारपणे की जणू अजूनही दुखेल... पांढऱ्या चादरीवर थ्रासोस हळूहळू वाळत होता.

“हेही त्याचंच,” म्हणत म्हाताऱ्याने त्याच्या तळहातावर मातीने माखलेलं काहीतरी ठेवलं.

चांदीची अंगठी! हिची जोडी तर अर्गिरीसच्या गळ्यात होती... बाईंनी ही केव्हाच समुद्रात भिरकावली असेल असं त्याला तीन वर्षं वाटत होतं.

“तुम्ही... ही काढली नाहीत?”

“काढली होती! आल्या दिवशीच काढली. पण तो रिकामं बोट चाचपत राहायचा रे... गेला तेव्हा मीच परत घातली. बोटाची काडी झालेली, अंगठी राहीना. दोरा गुंडाळून बसवली आणि दिरांना दिसू नये म्हणून वर फुलं ठेवली.” बाई मातीतच खाली बसल्या. “अजून एक सांगते, मग दे काय द्यायच्या त्या शिव्या. शेवटच्या सकाळी तो तुझंच नाव घेत होता. अर्गिरीस कुठाय, अर्गिरीस कुठाय... तू समोर होडीत आहेस, हे ठाऊक होतं मला! एक हाक मारली असती तर धावत आला असतास. मी म्हटलं, दूध आणायला गेलाय, येईल इतक्यात... दाराकडे बघत बघत गेला माझा लेक!”

अर्गिरीसच्या हातातलं भांडं कलंडलं. ओरडावं, ह्या बाईला गदागदा हलवावं असं त्याला वाटलं... पण तिचे ते थरथरणारे हात पाहून संतापाचंही पाणी झालं.

“दार माझंच होतं,” तो म्हणाला. “ढकलायला हवं होतं मी.”

डोळे पुसून बाई उठल्या, त्याच्या बाहीला धरून त्याला कचेरीत घेऊन गेल्या.

“ते ‘मित्र’ खोडा.”

“मग काय लिहू?”

“त्याचा जोडीदार! नाताळच्या तोंडावर कायदा झाला ना, दोघा पुरुषांचीही नोंद होते म्हणून? मी माझ्या हातानं अंगठी घातलीय!”

कारकून ओशाळला. “नोंदीला दोघं जिवंत लागतात, आजी.”

“म्हणजे वरातीमागून घोडं! यायचं होतं लवकर तुमच्या कायद्यानं...”

कारकुनाने तो शब्द खोडला आणि जागा कोरी ठेवली.

अस्थींची पेटी अस्थिगृहातल्या फळीवर ठेवली गेली, पाद्र्याची प्रार्थना झाली. अर्गिरीस फाटकासमोरच्या दुकानात गेला आणि दुधाची बाटली घेऊन आला. ती त्याने पेटीसमोर ठेवली.

“आणलं रे दूध... जरा उशीर झाला.”

“तुला नाही,” त्याच्या पाठीवर कपाळ टेकून एव्दोकियाबाई म्हणाल्या. “उशीर मला झाला, बाळा.”