सहावा नट

ही गोष्ट खरी आहे. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, पण त्या मला सगळ्या पाठ आहेत. ही त्यांत नाही. सेवेरिनो माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्याची जीपनी, म्हणजे मागे दोन बाकं असलेली प्रवासी जीप, मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

हल्ली तिच्यात बसत मात्र नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारचे तीन. आमच्या बेंगेटच्या घाटात धुकं असं उतरलेलं, की कोबीच्या ट्रकचा आधी वास यायचा, मग ट्रक दिसायचा.

म्हातारा क्रिस्पुलो मेकॅनिक वारला होता. सेवेरिनो त्याला मानोंग म्हणायचा, म्हणजे थोरला दादा. त्याच्या मयताला सेवेरिनो गेला. रोज संध्याकाळी गॅरेज बंद झालं की क्रिस्पुलो सेवेरिनोच्याच जीपनीत मागे डावीकडे बसायचा. त्याची गल्ली आली की पान्याने टपावर दोनदा वाजवायचा.

टक, टक.

गाडी थांबायची. वर्षानुवर्षं हेच.

सेवेरिनोची बायको पेर्ला बाहेर गाडीतच बसली होती. पोटुशी बाई मयताच्या घरात शिरत नाही. तो परत आला, तर ती समोरचा दांडा घट्ट धरून बसलेली.

"कळा सुरू झाल्यात."

"अजून तीन आठवडे आहेत ना?"

"ते तुझ्या लेकराला सांग."

त्याने गाडी काढली. दवाखाना खाली, घाट उतरून तासाभरावर.

आता आमच्याकडची एक रीत. मयताच्या घरून सरळ आपल्या वाटेने जायचं नाही. मध्ये कुठेतरी टेकायचं, कॉफी प्यायची, मागे लागलेलं तिथेच झटकून टाकायचं. याला आम्ही पगपग म्हणतो.

"दोन मिनिटं टपरीवर थांब," पेर्ला म्हणाली.

"तुला कळा येतायत आणि मी कॉफी ढोसत बसू?"

"तुझ्या आईला कळलं तर मलाच धरेल ती."

तो थांबला नाही.

सहा वळणं झाली. सातव्यावर मागचं डावं चाक फाटकन बसलं.

जॅक लावायच्या आधी त्याने नट सैल केले. मग चाक उचललं. पाच नट सुटले. सहावा...

सहावा नुसताच फिरायला लागला.

नटाबरोबर आतला बोल्टच फिरत होता. महिन्यापूर्वी क्रिस्पुलोने त्याला झापलं होतं. "पान्याला पाईप लावून वर नाचतोस गाढवा. बोल्टाला आत धरणारे दात गेलेत. ब्रेकच्या ड्रमच्या आतून कुणी बोल्ट धरल्याशिवाय हा नट सुटायचा नाही. आणि चाक निघाल्याशिवाय ड्रम निघायचा नाही. आत हात जाईल असा माणूस सापडला तर मला कळव, मी त्याला नोकरीला ठेवतो."

सेवेरिनो तेव्हा हसला होता. पुढच्या आठवड्यात बदलू, म्हणाला होता.

आता त्याने चाकामागे पहार घालून रेटलं. नट फिरतच राहिला. छिन्नी लावून घाव घातला. छिन्नी सटकली, बोटं सोलली.

"सेवेरिनो..." पुढून पेर्लाचा आवाज आला. "लवकर कर रे."

एकही गाडी येईना. मघापासून झऱ्याचा आवाज येत होता, तोही आता नव्हता.

आणि मग वास आला...

रॉकेलचा.

क्रिस्पुलो रॉकेलने हात धुवायचा.

सेवेरिनोने मान वर केली नाही. पुन्हा पाना लावला. नट फिरला... फिरला...

आणि थांबला.

आतून कुणीतरी बोल्ट धरला होता.

गंज अडकला असेल, त्याने स्वतःला सांगितलं. पाना ओढला. कट्. नट सैल झाला. पण गंज असा अडकत नाही. हे धरणं हाताचं होतं. जरा निसटायचं, की पुन्हा घट्ट.

प्रत्येक वेढ्याला ड्रमच्या आतून हळूच आवाज येत होता.

हं.

हं.

जोर लावताना म्हातारी माणसं करतात तसा.

नट हातात आला. त्याने वाकून चाकामागे पाहिलं. ड्रमची लोखंडी पाठ जशीच्या तशी. बोट जाईल एवढी फट नव्हती.

त्याने स्टेपनी चढवली, पाचच नट आवळले, जॅक काढला. आणि सुटकेच्या भरात, रोजच्या सवयीने, तोंडातून निघून गेलं,

"चला, बसा मानोंग. घरी सोडतो."

जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला.

मागची स्प्रिंग कुरकुरली. डावी बाजू खाली दबली.

"मागे कोण बसलं?" पेर्लाने विचारलं.

"कुणी नाही."

"मग गाडी का दबली?"

त्याने गिअर टाकला. आरशात पाहिलं नाही. दवाखान्यात साडेपाचला मुलगी झाली. नीट झाली, पेर्लाही सुखरूप. देवाची कृपा, नाहीतर कुणाची ते मला विचारू नका.

पण माणूस उतरला की स्प्रिंग पुन्हा कुरकुरते. ती कुरकुर त्याने ऐकलीच नाही. रोज तो म्हाताऱ्याच्या गल्लीपाशी गाडी हळू करायचा. कान टपाकडे.

काही नाही.

चाळिसावा दिवस आला. मेलेला माणूस त्या दिवशी कायमचा जातो, असं आम्ही मानतो. तो गल्लीपाशी चक्क थांबला. "मानोंग, तुमचं घर आलं," म्हणाला.

काही नाही...

हलक्या मनाने तो आपल्या घरापाशी आला. पायरीवर पेर्ला उभी, कडेवर पोरगी. त्याने ब्रेकवर पाय ठेवला...

टक, टक.

सेवेरिनो थांबला नाही. पेर्ला बघत राहिली आणि तो घरावरून पुढे निघून गेला. तेव्हापासून गाडी खालच्या फाट्यावर लावतो आणि चढ चालत येतो.

काल संध्याकाळी तो माझ्या दारात आला. मामाला आमच्याकडे तियो म्हणतात.

"तियो, आता गाडीत वाजत नाही."

"सुटलास की मग."

"नाही. काल रात्री घराच्या पत्र्यावर वाजलं. पोरीच्या पाळण्याच्या बरोब्बर वर." तो खाली बघत राहिला. "त्यांना घरी सोडतो म्हणालो होतो. कुणाच्या, ते म्हणालोच नव्हतो."

त्याला जवळ घ्यायला हवं होतं. भाचा आहे माझा.

पण माझ्याही घरावर पत्राच आहे. मी उंबऱ्याच्या आतूनच म्हटलं, "बाबा रे, आधी जा, टपरीवर कॉफी पी... आणि मग ये."