हिंगणवाडीचा डोलणारा मंडप

एकच जमीन आणि एकच हादरा. मग असं कसं झालं?

हिंगणवाडीच्या विठ्ठलमंदिरापुढचा सभामंडप म्हणजे पंचक्रोशीतला सगळ्यात भारी. जाडजूड स्लॅब, वर सिमेंटचा कळस, कळसाभोवती सोंडा उंचावलेले सिमेंटचे हत्ती. आणि मंडपाला अगदी खेटून दूध केंद्राची पत्र्याची शेड. जरा वारा सुटला की हिचे पत्रे खडखडायचे. चार वर्षांपूर्वी, सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, ऐन काल्याच्या कीर्तनात भूकंप झाला. शेडमधला दुधाचा एकही कॅन कलंडला नाही. मंडपाचे खांब मात्र तडकले आणि स्लॅबला हात जाईल एवढी भेग पडली.

विठ्ठलाची कृपा, सगळी माणसं बाहेर धावली आणि वाचली. पण मंडपाला कुलूप लागलं ते लागलंच.

दहा वर्षांच्या गोदाला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं. भक्कम ते तडकलं आणि लेचंपेचं ते तगलं, हे उलटं नाही का?

पण त्याहून जास्त तिला आबांकडे बघवत नव्हतं. आबा म्हणजे तिचे आजोबा, भानुदासबुवा. सगळं आयुष्य कीर्तनात गेलेलं. मंडप बंद झाल्यावर गावाने घरोघरी पडद्यावर कीर्तन लावून पाहिलं. आबा खोलीत एकटे कॅमेऱ्यापुढे उभे राहिले, चार ओळी गायले आणि थांबले.

"समोर कुणी मान डोलवत नाही, मागे टाळ नाही. मी बोलू कुणाशी रे बाबांनो?" म्हणाले, आणि वीणा खाली ठेवली.

तेव्हापासून रोज सकाळी देवाचं दर्शन घेऊन ते मंडपासमोरच्या लिंबाखाली बसत. वीणा मांडीवर आणि डोळे कुलपाकडे. गोदाला आधीच्या कीर्तनातलं फारसं आठवतच नव्हतं. कपाळावरच्या बुक्क्याचा वास, तळहाताला चिकटलेला दही-लाह्यांचा काला, आणि खूप माणसांच्या मध्ये बसल्याची ऊब. एवढंच. पण तेवढ्यासाठीही तिचा जीव तुटायचा.

एके दिवशी भूकंप केंद्राची गाडी आली आणि तिच्यातून टुणकन एक यंत्र उतरलं. परातीएवढी चपटी पाठ आणि सहा पाय.

"नमस्कार! मी कंपनमापक यंत्रमानव आहे. कंपन म्हणजे बारीक थरथर. ती मी मोजतो."

"मानव?" श्रीपतनाना हसले. नाना गावातले पहिल्या रांगेतले टाळकरी. "सहा पायांचा मानव? हा तर खेकडा हाय, खेकडा!"

"नाना, पाहुणा आहे तो," आबा म्हणाले. "खेकडोबा म्हणा."

"हे नाव मला आवडलं," यंत्र म्हणालं. "या मंडपाचं काय करायचं, ते मला तपासून सांगायचं आहे. पाडायचा की राखायचा."

आबांचा हात वीणेच्या तारेवर होता, तो तिथेच राहिला.

"पाडला तर?" गोदाने विचारलं.

"तर नवा केव्हा होईल ते मला माहीत नाही, गोदाताई. नव्याने बांधायच्या मंडपांची रांग मोठी आहे."

आबा कुलपाकडे बघत राहिले. त्यांचं वय आणि ती रांग, दोन्ही गोदाला ठाऊक होतं.

नाना मात्र मान खाली घालून पुटपुटले, "याला काय विचारता? चूक आमचीच. त्या दिवशी पावलीचा जोर फार झाला. धरणीमायला सोसलं नाही."

कीर्तनात टाळकरी टाळ वाजवत तालावर एकसाथ पाय टाकतात, तिला पावली म्हणतात. भूकंपाच्या क्षणी पावली अगदी रंगात आली होती. स्लॅबचा ढलपा नानांच्या गुडघ्यावर पडला होता. त्या दिवसापासून त्यांचे टाळ खुंटीला टांगलेले.

"नाही, नाना," खेकडोबा म्हणाला. "भूकंप जमिनीच्या पोटात खूप खोल होतो. तिथले खडक वर्षानुवर्षं एकमेकांना रेटत असतात. एका क्षणी ताण सहन होत नाही आणि ते सरकतात. जगातल्या सगळ्या टाळकऱ्यांनी मिळून पावली खेळली तरी तिथला खडासुद्धा हलणार नाही."

नानांनी मान वर केली. "खरं सांगतोस?"

"मला खोटं बोलता येत नाही. बसवलेलंच नाही."

मग खेकडोबा कामाला लागला. त्याने पोट जमिनीला टेकवलं आणि गप्प बसला. बराच वेळ.

"झोपला काय?" नाना म्हणाले.

"ऐकतोय. जमीन कधीच पूर्ण स्तब्ध नसते. वारा, ट्रॅक्टर, लांबच्या समुद्राच्या लाटा, सगळ्यांनी ती सतत बारीक थरथरत असते. तुमच्या गावाखाली मऊ काळ्या मातीचा जाड थर आहे. त्याची थरथर एका ठरावीक तालात होते. तो ताल मला सापडला. आता मंडपाचा ताल शोधायचा."

"मंडपाला कसला ताल?" गोदा म्हणाली.

"टाळ आणा, दाखवतो."

नानांनी जरा आढेवेढे घेतले, पण घरी जाऊन टाळ आणले. मागे अजून तिघं आपापले घेऊन आले. खेकडोबाने दोन झाडांच्या मध्ये आडवी दोरी बांधायला लावली आणि तिला टाळ टांगले. एकाची दोरी आखूड, एकाची खूप लांब, आणि मधल्या दोघांची अगदी सारखी.

"गोदाताई, मधल्यांपैकी एकाला झोका द्या. बाकीच्यांना हात लावू नका."

गोदाने झोका दिला. तो टाळ झुलू लागला. आखूड दोरीचा नुसता थरथरला, लांब दोरीचा आळसावल्यासारखा जरासा हलला. पण सारख्या दोरीचा जो जोडीदार होता, तो हळूहळू झुलायला लागला. आधी थोडा, मग मोठा, मग चांगला ऐसपैस. कुणी हात लावला नव्हता!

"आरं! ह्याला कुणी बोलावलं?" नाना ओरडले.

"त्याच्या जोडीदाराने. टांगलेल्या प्रत्येक वस्तूचा आवर्तकाल (एक पूर्ण झोका जाऊन परत यायला लागणारा वेळ) ठरलेला असतो. दोरी लांब तर झोका संथ, दोरी आखूड तर जलद. या दोघांचा आवर्तकाल एकच आहे. एकाची हालचाल आडव्या दोरीतून सगळ्यांकडे गेली, पण तिच्याशी जुळलं ते याचंच. मुलं झोपाळ्याला योग्य वेळी हलका धक्का देत राहिली की झोका किती उंच जातो! याला म्हणतात अनुनाद (आपल्या तालाशी जुळणारा धक्का मिळत राहिला की हालचाल वाढत जाणं)."

आबा पहिल्यांदाच पुढे सरकले. "म्हणजे आमच्या वीणेसारखंच की. शेजारच्याने बरोबर सूर लावला की हिची तार आपोआप गुणगुणते."

"अगदी तेच, बुवा. आणि इमारतींचंही तेच."

दुसऱ्या दिवशी खेकडोबाने रिकाम्या मंडपात शिरून एका खांबाच्या माथ्याला इवलासा आरसा चिकटवला. सकाळचं ऊन आरशावर पडलं आणि समोर मंदिराच्या भिंतीवर रुपयाएवढा कवडसा उमटला. खांब केसभर कलला तरी कवडसा बोटभर हलणार, अशी ती युक्ती. मंडपात कुणी जायचं नाही असं बजावून त्याने टाळकऱ्यांना बाहेरच्या फरशीवर उभं केलं.

"पावली खेळा. आधी संथ."

नानांनी टाळ हातात घेतले, कपाळाला लावले. चार वर्षांनी! ठण्‌ऽ... ठण्‌ऽ... पाय पडू लागले. कवडसा जागेवर.

"लय वाढवा."

कवडसा शहारला.

"अजून."

टाळ खणखणू लागले, ‘विठ्ठल विठ्ठल’ असा गजर उठला, आणि भिंतीवरचा कवडसा नाचायला लागला! इकडून तिकडे, तिकडून इकडे, पावलीच्या बरोबर तालात.

"डोलला! देव डोलला!" नानांच्या डोळ्यांना धार लागली. आजूबाजूच्या बायाबापड्यांनी हात जोडले.

कारण हिंगणवाडीची ही जुनी ख्याती होती. गजर रंगात आला की इथला मंडप डोलतो. बसलेल्यांना ते पाठीला टेकलेल्या खांबातून कळायचं. लोक म्हणायचे, खुद्द पांडुरंग ताल धरतो. लांबलांबून माणसं ते डोलणं अनुभवायला यायची. डोलतो म्हणून कौतुकाने कळस चढवला, मग हत्ती चढवले. घरटी सिमेंटचं एक पोतं दिलं होतं प्रत्येकाने.

"थांबू नका," खेकडोबा म्हणाला. "याहूनही जलद."

तरणी पोरं पुढे झाली. पाय फरशीवर तडतडू लागले. सगळ्यांना वाटलं, आता कवडसा भिंतीवरून उडूनच जाणार. आणि तो थांबला. जवळजवळ स्थिर झाला.

"जोर तर वाढला. मग का थांबला?" कुणीतरी म्हणालं.

"कारण ताल चुकला," गोदा हळूच म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. "टाळांसारखंच. मंडपाचा जो ताल आहे, त्याच तालात पावली पडली तेव्हा तो डोलला. जोरामुळे नाही."

"शाबास!" खेकडोबा म्हणाला. "आता पुढचं सांगतो, ते ऐकायला जड जाईल. मंडपाचा ताल आणि इथल्या काळ्या मातीचा ताल जवळजवळ एकच आहे. भूकंपाने माती हलली आणि मंडप तिच्याबरोबर झुलत गेला, प्रत्येक झोक्याला जास्त. डोक्यावर मोठं ओझं घेतलेला माणूस कसा सावकाश डुलत चालतो? तसा हा. बारीक खांबांवर प्रचंड वजन. दूध केंद्राच्या शेडचे पत्रे खडखडतात, पण ती हलकी आणि तिचा सांगाडा घट्ट बांधलेला. तिचा ताल फार जलद, मातीशी जुळलाच नाही. शिवाय वजन कमी, म्हणून खांबांवर ओढही कमी."

कोडं सुटलं होतं. पण गोदाला आनंद होईना. तिने आबांकडे पाहिलं. ते लिंबाला टेकून बसले होते, एकदम थकल्यासारखे.

"म्हणजे... पांडुरंग डोलत नव्हता?" त्यांनी विचारलं. "इतकी वर्षं मी त्या खांबाला पाठ लावून गायलो. मला वाटायचं, तो मागे उभा आहे. साथ देतोय."

खेकडोबा तुरुतुरु आबांजवळ आला. मग म्हणाला, "मंडप का डोलला ते मला कळतं, बुवा. तुम्हाला काय वाटलं, ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही."

"मंडप राहील का?" गोदाने विचारलं.

"राहील. पण स्लॅब, कळस, हत्ती सगळं उतरवायचं. वर हलकं छप्पर टाकायचं. तडकलेले खांब पोलादी पट्ट्यांनी आवळायचे आणि त्यांच्यामध्ये तिरक्या सळया द्यायच्या. म्हणजे त्याचा ताल जलद होईल, मातीशी जुळणार नाही."

"कळस उतरवायचा?" नाना उसळले. "देवापुढचं छत दूध केंद्रासारखं? माझ्या मंडळीनं जाण्याआधी शेवटचं पोतं दिलंय त्या हत्तीला!"

सगळे आबांकडे बघत होते.

आबा उठले. नानांजवळ गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाना, काशीबाईंनी पोतं दिलं ते देवापुढे माणसं बसावीत म्हणून. देवाला कशाला हवंय ओझं-बिझं? तो विटेवर उभा राहणारा. ओझं आपल्या कौतुकाचं होतं. तो डोलून डोलून सांगत होता, अरे, जड झालंय, उतरवा. आपण टाळ्या वाजवल्या."

नानांनी वर हत्तीकडे पाहिलं. "तो एक हत्ती मी अंगणात नेईन," म्हणाले. "फोडायचा नाही."

"नाही फोडायचा," आबा म्हणाले.

पावसाळा गेला, सुगी आली. मंडपावर हलकं निळं छप्पर चढलं. खांबांमध्ये तिरक्या सळयांच्या फुल्या दिसू लागल्या, त्यांवर बायकांनी झेंडूच्या माळा सोडल्या. नानांच्या अंगणात एक हत्ती सोंड वर करून तुळशीशेजारी बसला.

झालेलं काम तपासायला परत आलेला खेकडोबा निघायच्या बेतात होता. गोदाने त्याला विचारलं, "आता परत भूकंप येणार नाही ना?"

"कधी येईल ते मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. येईल तेव्हा बिचकायचं नाही, एवढी तयारी मात्र करता येते. धक्का बसला की डोकं झाकून घ्यायचं, थांबला की रांगेने बाहेर. बुवांनी ते कीर्तनात सांगायचं कबूल केलंय. आणि तो आरसा तुमच्याकडे ठेवा, गोदाताई. शाळेवर लावा, टाकीवर लावा. असे आरसे गावोगावच्या मुलांकडे गेले, तर कुठल्या इमारतीकडे आधी बघायचं ते आम्हाला कळेल. मला एकट्याला सगळीकडे पोचता येत नाही."

काल्याच्या दिवशी कुलूप निघालं. माणसं आत बसली, जागा पुरेना म्हणून पायऱ्यांवर बसली. आबांच्या गळ्यात वीणा, गळ्यात हार, कपाळाला बुक्का. मागे नाना, गुडघा जपत. गोदा अगदी पुढे. आबांचा आवाज पहिल्यासारखा चढत नव्हता, पण कुणी तक्रार केली नाही.

गजर वाढत गेला. लय चढली, चढत चढत नेमक्या त्या जागी आली, जिथे पूर्वी मंडप डोलायचा. जुनी माणसं नकळत खांबांना टेकली आणि वाट बघू लागली. आबासुद्धा मागे सरकले. त्यांनी खांबाला पाठ लावली, डोळे मिटले.

गोदाने भिंतीकडे पाहिलं. आरसा तिने कालच लावला होता. कवडसा आपल्या जागी होता, कोरून बसवल्यासारखा. मंडप तसूभर हलत नव्हता.

"न्हाई गं डोलत," टाळ न थांबवता नाना तिच्याकडे वाकून म्हणाले.

गोदाला एकदम भरून आलं. तिने भीत भीत आबांकडे बघितलं.

आबा खांबाला टेकलेले, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं. आणि ते डोलत होते. त्यांच्यामागे टाळकरी डोलत होते. पुढे बसलेलं सगळं गाव, लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या बाया, पायरीवरचे म्हातारे, सगळे एका तालात डोलत होते.

"नाना," गोदा म्हणाली, "समोर बघा."

नानांनी पाहिलं, आणि पुढची पावली टाकली. भिंतीवरचा कवडसा स्थिर होता.