राहून गेलेली स्लीव्ह

“ओ मॅडम, तेवढं वायरचं टोक धरा ना.”

वरून आवाज आला म्हणून रिताने मान वर केली. शिडीच्या टोकावर एक जण उभा होता. खांद्यावर निळ्या केबलचं वेटोळं, केसांत जाळी-जळमटं, आणि डोळ्यांत भलताच आगाऊपणा.

“मले क्लासले उशीर होऊन राहिला,” ती म्हणाली. तरी टोक मात्र धरलं.

“मलेई तिथंच यायचं आहे. सर काही माह्याशिवाय सुरू करत नाई. वर्गातली लाइन मीच तर ओढून राहिलो.”

थोड्या वेळाने तोच शिडीवाला हात पुसत आला आणि खुशाल तिच्या शेजारच्या बाकावर बसला. भुपेंद्र, राहणार शहापूर. गावातल्या केबलवाल्याकडे खांब चढत शिकलेला, आता इंटरनेटच्या केबली जोडायचं काम रीतसर शिकायला आला होता. रिता सिहोऱ्याची, इथे जवाहरनगरला मावशीच्या क्वार्टरमध्ये राहत होती. बाबांनी तिला धान कापणीला येईपर्यंतची मुदत दिली होती. तोवर काम मिळालं तर उत्तम, नाहीतर मुकाट्याने घरी. आणि काम होतं एकच! परीक्षेत जो पहिला येईल त्याला तुमसरकडच्या लाइनींवर कामाला घेणार, असं योगेंद्र सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

आधी तांब्याची केबल आली. आठ रंगीत तारा ठरलेल्या क्रमाने लावायच्या आणि कनेक्टर दाबून बसवायचा. रिताच्या तारा हट्टी पोरांसारख्या पुन्हा पुन्हा रांग मोडायच्या.

“अंगठ्यानं सपाट करा आधी… अशा,” भुपेंद्र म्हणाला. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, न लागली…

“तुमचा हिरवा चुकला,” रिता म्हणाली.

खरंच चुकला होता. केबल चाचणीला लावली तर दिवा पेटेना. वर्ग हसला, भुपेंद्र कानापर्यंत लाल झाला, आणि रिताला उगाच दिवसभर छान वाटत राहिलं.

मग फायबर. केसासारखा काचेचा धागा, जराशा वाऱ्याने उडणारा. म्हणून सर पंखाच बंद करायचे. बाहेर पाऊस, आत नुसता घाम. धागा जोडण्याआधी त्यावर प्लॅस्टिकची बारीक नळी ओवायची, तिला स्लीव्ह म्हणत. मशीनने जोड लावला की स्लीव्ह सरकवून तो झाकायचा. आधी ओवायची विसरली तर सगळं तोडून पुन्हा पहिल्यापासून.

“तू श्वास रोखून धरते नं, तवा तुह्या नाकाचा शेंडा लाल होते,” एकदा भुपेंद्र हळूच म्हणाला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

“मशीनकडं पाह्य,” ती म्हणाली. पण धागा तिच्याच हातून निसटला.

परीक्षेत दोघं समोरासमोर बसले. तांब्याच्या केबलीत बरोबरी झाली होती. रिताने स्लीव्ह ओवली, धागा पुसला, कापला, जोडला. भुपेंद्र तिच्याही आधी जोडून मोकळा झाला… आणि तसाच थिजला. त्याची स्लीव्ह टेबलावरच पडली होती. तो पुन्हा जोडेपर्यंत वेळ संपली.

रिता पहिली आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण तिचं तोंड मात्र उतरलं. आदल्याच दिवशी तिने त्याला बाबांच्या मुदतीचं सांगितलं होतं. शंका यायला आणखी काय हवं? ती थेट व्हरांड्यात त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“मुद्दाम केलं नं तू?”

“काय?”

“मले दया दाखवून राहिला काय? अशी भीक दिलेली जागा मले नाई पायजे. मी आत्ताच सरले सांगते.”

“रिता, थांब… मुद्दाम नाई केलं.”

“मंग कशी राहिली? तुह्या हातून आजवर एकदाबी नाई राहिली.”

त्याने पागोळ्यांकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं. शेवटी इलाज उरला नाही.

“तुह्याकडं पाहून राहिलो होतो,” तो म्हणाला. “तू धागा कापत होती… मले वाटलं, परीक्षा झाली का हे पोरगी सिहोऱ्याले जाईन, मंग आपुन कोणाच्या शेजारी बसाचं? हात आपले चालत राहिले. स्लीव्ह राहून गेली. आवडते तू मले. हे सांगाची लाज वाटत होती, बस.”

 रागाचं काय करावं तेच रिताला कळेना.

“खरं?”

“तुह्या नोकरीची आण घेऊ काय?”

ती हसली. आवरूनही आवरेना. जागा तिची होती, तिच्या हातांनी मिळवलेली. आणि हा वेडा पोरगाही…

“रविवारी सिहोऱ्याले येजो,” ती म्हणाली. “आई चहा पाजीन.”

“आणि बाबाले काय सांगशीन? नुसता सोबत शिकणारा आहे म्हणून?”

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“खोटं कायले सांगू?”