ओळखीपेक्षा जास्त

"मॅडम, एवढं पान वाचून दाखवता का? झेरॉक्सवाला म्हणतो, लाइट दुपारशिवाय येत नाही."

दोघांची ओळख झाली ती अशी, २००१ साली, नाशिकच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. शुभांगी तिथेच मानसशास्त्र शिकवायची, ज्ञानेश निफाडच्या कॉलेजात. संशोधनाची नियतकालिकं घरी नेता यायची नाहीत. मग ती वाचायची, तो उतरवून घ्यायचा. पुढे पुढे लाइट असली तरी झेरॉक्सची आठवण कुणाला होईना.

"हळू वाचा ना."

"लिहिणं होत नाही का?"

"होतं की… पण लवकर संपतं."

आता बोला! अशा माणसावर जीव जडणार नाही तर काय?

पण दोन महिन्यांनी तो चेहरा पाडून आला. "माझा शोधनिबंध परत आला. द्राक्षवाल्यांच्या भीतीवरचा. परीक्षक म्हणतो, लेखक बागेत कधी फिरकलेला दिसत नाही. अहो, आभाळ भरून आलं की आमचं अख्खं घर जेवत नाही."

बागेत न फिरकल्याचं ते वाक्य शुभांगीचंच होतं. त्याची ओळख होण्याआधी नव्या नियतकालिकाच्या संपादकांनी, यादव सरांनी, लेखकाचं नाव झाकून तो निबंध तिच्याकडे तपासायला पाठवला होता. पहिलंच परीक्षण, त्यामुळे तोरा केवढा! परीक्षकाचं नाव गुप्त राहतं म्हणून ती गप्प बसली. ज्ञानेश त्या खडूस परीक्षकाची नक्कल करायचा, ती हसायची, आणि घरी गेल्यावर मनात एकच भीती असायची. कळलं तर हा परत तोंड दाखवणार नाही…

आणि सुधारलेला निबंध पुन्हा तिच्याकडेच आला. मंजूर केला असता तर कुणाला कळणार होतं? पण सोबतच्या कागदावर छापलं होतं – लेखक परिचित असल्यास निबंध कारणासह परत करावा. तिने पत्र लिहिलं. पोस्टात टाकायचं सोडून ते ज्ञानेशपुढे ठेवलं.

'पहिला शेरा माझा होता आणि तो उद्धट होता. लेखक आता माझ्या ओळखीचे आहेत. ओळखीपेक्षा जास्त आहेत. म्हणून निबंध परत करत आहे.'

त्याने ते दोनदा वाचलं.

"तुम्ही होतात?"

"हो."

"आणि माझ्या शिव्या ऐकत बसलात?"

"सगळ्या."

"राग आलाय मला. लय आलाय." त्याने पत्र खाली ठेवलं. "पण तो शेरा वाचून मी वडिलांना पहिल्यांदा विचारलं, तुम्हाला नेमकी कसली भीती वाटते? तासभर बोलले. माझ्याशी इतकं कधीच बोलले नव्हते."

तिला वाटलं, आता हा उठून जाणार…

"पत्र पाठवा," तो म्हणाला. "फक्त ते 'ओळखीपेक्षा जास्त' खोडा. यादव सरांना असं मोघम चालत नाही."

"मग काय लिहू?"

"होणारा नवरा… चालेल तुम्हाला?"

तिने ती ओळ खोडली आणि पेन त्याच्यापुढे धरलं. ते दोन शब्द त्यानेच लिहिले, आणि शेजारी सही तिने केली.