तेवढ्या जागेवर बर्फ नव्हता

छपरावरचा बर्फ बघायला मी एका दुपारी अंगणात उभा राहिलो, तिथून हे सुरू झालं. तसं बघायला गेलं तर काम साधंच होतं. आम्ही अमेरिकेत, सिरॅक्यूसला नवीन होतो, घर मात्र ऐंशी वर्षांचं जुनं, आणि आमच्या छोट्या खोलीच्या छतातून पाणी टपकत होतं. शेजारी म्हणाला, बाहेरून बघ, बर्फ कुठे वितळतो ते कळेल. बघितलं. सगळं छप्पर पांढरंशुभ्र आणि उत्तरेकडच्या उतारावर एक लांबट काळी जागा. तेवढ्यावर बर्फ टिकत नव्हता.

"खालून ऊब जातेय," छपरांची कामं करणारा डेल म्हणाला. साठीचा, मितभाषी गडी. "वितळलेलं पाणी कडेला येऊन गोठतं, मग मागचं पाणी अडून घरात शिरतं. पण वर ऊब कशाची? कुणी झोपतं का पोटमाळ्यावर?"

कुणी झोपत नव्हतं. पोटमाळ्यावर जायला धड शिडीही नव्हती.

त्या वर्षी बादल्या लावून भागवलं. हिवाळा सरता सरता माझ्या बायकोला, आसावरीला दिवस गेले आणि बादल्या पुरेनाशा झाल्या. बाळाला ती एकच खोली होती. नोव्हेंबरात बाळ येणार, बर्फही तेव्हाच येणार, म्हणून ऑक्टोबरात सगळं छप्पर काढून नवं घालायचं ठरलं. २००६ साल ते. दिवसा ऑफिस, संध्याकाळी बाळंतपणाची खरेदी, रात्री भारतातल्या टीमबरोबर कॉल. माझं डोकं तेव्हा सतत जड असायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात आहे.

बाळंतपणासाठी माझ्या सासूबाई पद्मजाताई कुडाळहून आल्या होत्या. काम सुरू व्हायच्या सकाळी त्या मंकी कॅप घालून, मोज्यांवर चपला चढवून, हातात नारळ घेऊन अंगणात हजर.

"यतीनराव, गाऱ्हाणं घातल्याशिवाय जुन्या घराचं छप्पर उघडायचं नाही."

"आई, ते लोक तासावर पैसे घेतात हो."

"घेऊ देत. वर जो कोण असेल त्याला या थंडीत बेघर करायचं का?"

कोकणात जागेला राखणदार असतो. त्याला विचारल्याशिवाय कुणी भिंतीला हात लावत नाही. पण सिरॅक्यूसला कुठला राखणदार? डेलच्या माणसांनी मात्र टोप्या काढून हातात धरल्या. आईंनी नारळ ठेवला आणि त्यांच्या मालवणीत सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, जो कोण असशीत तो... तुझी जागा आज उघडी पडता हा. रागावू नको. खाली ये. माझ्या लेकीच्या पोराक सांभाळ. ता जायत थंय वांगडा जा. त्याका एकटा सोडू नको."

गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. तिथे म्हणणारा मी एकटाच होतो. माझं लक्ष घड्याळाकडे. होय म्हाराजा. होय म्हाराजा. काय कबूल करतोय ते ऐकलंसुद्धा नाही.

दुपारी डेलनं मला शिडीवर बोलावलं. फळ्या निघाल्या होत्या, पोटमाळा आभाळाखाली उघडा पडला होता. ऊब धरायला घातलेल्या जुन्या, करड्या इन्सुलेशनचा कापसासारखा थर सगळीकडे सारखा पसरलेला, आणि उत्तरेच्या कोपऱ्यात एक खळगा. माणसाएवढा. गुडघे पोटाशी घेऊन कुणी कुशीवर निजावं तसा.

"हात लाव," डेल हळूच म्हणाला.

सकाळपासून गार वारा सुटला होता. माझी बोटं बधिर झाली होती. खळगा मात्र गरम होता... आत्ताच कुणीतरी उठून गेलेल्या अंथरुणासारखा.

डेलनं त्यावर नवं इन्सुलेशन भरलं. तीन दिवसांत छप्पर झालं. डिसेंबरात बर्फ पडला तो एकसारखा बसला, कुठेही डाग नाही. डेलनं गाडी थांबवून अंगठा दाखवला. मीरा तेव्हा चार आठवड्यांची होती. मला कधी नव्हे ते समाधान वाटलं.

जानेवारीत एकदा डॉक्टरकडून परत आल्यावर मी मीराला तिच्या खोलीत निजवायला गेलो. हीटर बंद होता, खोली गारढोण. पाळण्याला टेकून गुडघ्यावर बसलो आणि तळव्याला ऊब लागली. पाळण्याशेजारचा गालिचा दबलेला होता. माणसाएवढा. गुडघे पोटाशी घेतलेला.

आसावरी दारात उभी होती.

"मला माहीत आहे," ती कुजबुजली. "मी तिथे पाय देत नाही..."

"किती दिवस?"

"हॉस्पिटलमधून आलो तेव्हापासून. आईला सांगितलं, तर ती म्हणते, शब्द पाळतोय बिचारा."

मला भीती वाटली, फार वाटली. पण खरं सांगू? त्याहून जास्त थकवा वाटला. आई भारतात परतल्या, तसं आम्ही घर विकायला काढलं. मी जर्सी सिटीत नोकरी धरली आणि बाविसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वर पोटमाळा नाही, छप्पर नाही, दुसऱ्यांचा संसार. आठ महिने मी मेल्यासारखा झोपलो.

मग फेब्रुवारी आला. एका रविवारी दुपारी बर्फ थांबला आणि मी फावडं घेऊन बाल्कनीकडे गेलो. काचेच्या दाराशी मीरा उभी होती. सव्वा वर्षाची पोर, पण काच हळूहळू थोपटत होती, आपण एखाद्याला निजवताना थोपटतो तशी.

बाल्कनीत वीतभर बर्फ होता. दाराला लागून एक लांबट जागा तेवढी ओली, काळी. कुशीवर निजलेली. जाईल तिथे बरोबर जा, असं आई म्हणाल्या होत्या, आणि होय मीच म्हणालो होतो.

त्या जागेच्या पोटाशी आणखी एक जागा वितळलेली होती. अगदी लहान.

मी दाराची कडी बघितली. ती माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर आहे. आतून लागलेली होती. मीराला उचललं, तर तिचे मोजे ओले चिंब, तळव्यांना बर्फ चिकटलेला. पाय मात्र ऊबदार होते.