सात नंबर तंबूचा कंदील

"कंदील गेला!"

हेमावहिनींची किंकाळी आकाशपाळण्यापर्यंत ऐकू आली. मुनव्वर हातातली भेळ टाकून धावत आला. सात नंबरच्या तंबूपुढे बांबू तेवढा उभा होता. त्याच्या टोकाला सकाळी टांगलेला दादामियाँचा कंदील गायब.

आणि सगळ्यांच्या माना एकदम मुनव्वरकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय? मी नाही."

"गेल्या वर्षी माझ्या गाडीची किल्ली इडलीत निघाली," हेमावहिनींचा नवरा श्रीधर शांतपणे म्हणाला. "तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. दाढ अजून दुखते."

मुनव्वर आणि श्रीधर वारज्यात एकाच जिन्यावर समोरासमोर राहणारे. दर थंडीत दोन्ही घरं मुनव्वरच्या व्हॅनमध्ये कोंबून खडकवासल्यावरून पुढे अजबनगरला यायची. पुढे पाळणे, घसरगुंड्या, भुताचा बंगला. मागे तंबूंचं मैदान. मैदानाचा नियम एकच, तंबू सजवायचा तो घरी केलेल्या वस्तूंनी. विकतचं काही चालत नाही. ज्यांचा तंबू देखणा, त्यांना संध्याकाळी फेटे बांधून मिरवतात.

हेमावहिनींनी आइस्क्रीमच्या काड्यांचं तोरण केलं होतं. पण खरी शान कंदिलाची. दादामियाँ म्हणजे मुनव्वरचे सासरे. रविवार पेठेत त्यांचं कंदिलांचं दुकान. कागद चिकटवायच्या खळीत तुरटीची पूड घालायचा त्यांचा जुना शिरस्ता, त्यामुळे त्यांच्या कंदिलाला कधी झुरळ शिवलं नाही. हा कंदील त्यांनी लेकीच्या, रझियाच्या ओट्यावर खळ शिजवून केला होता.

आता दादामियाँ व्हॅनमध्ये बसले होते. काचा बंद, मांडीवर गोधडी.

"कंदील मिळाल्याशिवाय मी उतरणार नाही," आतून आवाज आला. "आणि या जावयाच्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही!"

"अहो, देऊन टाका ना," रझिया रडकुंडीला आली.

"रझिया, शप्पथ, मी नाही."

"आणि सकाळची नानकटाई? तीही तुम्ही नाहीच?"

सकाळी धरणाच्या कडेला गाडी थांबवून रझियानं डबा उघडला होता. पहिल्याच घासाला सगळ्यांची तोंडं आक्रसली. घशाखाली उतरेना. मुनव्वरनं काहीतरी कालवलं, असा निकाल तिथेच लागला होता. मुनव्वरनं पिठाला हातही लावला नव्हता. पण सांगतो कुणाला?

"ऐका," रझिया म्हणाली. "कंदील परत आला नाही, तर मी अब्बांबरोबर रविवार पेठेत राहायला जाणार. कायमची."

मुनव्वरचं हसू पहिल्यांदाच मावळलं.

पळून जावं, तर तीही सोय नव्हती. टेकडीवर बिबट्या दिसला म्हणून ते आत आल्यावर लगेच फाटक बंद झालं होतं. आत कुणी येत नव्हतं, बाहेर कुणी जात नव्हतं. म्हणजे कंदीलही इथेच आणि चोरही इथेच.

फाटकावर मॅनेजर दिगंबर खुर्ची टाकून बसला होता.

"बाहेरचं कुणी आलं होतं?"

"बिबट्याच आला तर आला. फाटक बंद हाय."

"तंबूंकडे कोण होतं?"

"कुणी न्हाई. समदी पाळण्याकडं. तुमचं म्हातारबाबा तेवढं तितं."

मुनव्वर परतला आणि हेमावहिनींना बाजूला घेतलं.

"वहिनी, तुम्ही सगळ्यांत आधी आलात?"

"हो. चाचा व्हॅनमध्ये बसले होते. मी अगदी समोर उभी, तर म्हणतात, 'कोण, रझिया का?'"

"आवाज सारखा वाटला असेल."

"अहो, मी तोंडच उघडलं नव्हतं!"

मुनव्वर बांबूपाशी गेला. बांबूवरून मुंग्यांची रांग वर चढत होती. थेट टोकापर्यंत. टोकाला तर काहीच नव्हतं! त्यानं बोट लावलं. चिकट.

दुसरी रांग जमिनीवरून निघाली होती. ती व्हॅनच्या दाराखाली शिरत होती.

"रझिया, नानकटाईत साखर कुठली घातलीस?"

"ओट्यावरच्या पत्र्याच्या डब्यातली. पिठीसाखर."

"अब्बांच्या सामानाचा डबा कसा होता?"

"तसाच. चहाचे रिकामे डबे, मीच दिलेले. का?"

"काही नाही," म्हणत मुनव्वर व्हॅनमध्ये शिरला आणि दार ओढून घेतलं.

आत भट्टी पेटल्यासारखं गरम होतं. दादामियाँ घामानं निथळत होते, पण गोधडी काढत नव्हते. एका पायानं दुसरा घोटा खाजवत होते.

"मुंग्या चावतायत, अब्बा?"

दादामियाँनी गोधडी आणखी घट्ट धरली.

मुनव्वरनं त्यांच्या पिशवीतला डबा काढला. पांढरी पूड. चिमूटभर जिभेवर ठेवली आणि मान डोलावली.

"गोड आहे. तुमच्या तुरटीच्या डब्यात साखर. का, तर ओट्यावर दोन डबे शेजारी होते, एकसारखे. खळीत तुरटी म्हणून तुम्ही घातली साखर आणि तोच डबा पिशवीत टाकला. तुमची तुरटी राहिली ओट्यावर. ती पहाटे घाईत रझियानं नानकटाईत घातली. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली आणि शिव्या मी खाल्ल्या."

"पुढे बोल," दादामियाँ पुटपुटले.

"तुमच्या कंदिलाला किडा शिवत नाही. याला मात्र अख्खं वारूळ लागलं. आम्ही पाळण्यात असताना तुम्ही तो उतरवलात. बाहेरचा कुणी आत येऊ शकत नव्हता आणि तंबूपाशी तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. तो आता या गोधडीखाली आहे. म्हणून एवढ्या उकाड्यात गोधडी, म्हणून खाली उतरायचं नाही. पण खरी गोष्ट कंदिलाची नाही. समोर उभ्या हेमावहिनी तुम्हाला ओळखू आल्या नाहीत. डबे ओळखू आले नाहीत. अब्बा, तुम्हाला दिसत नाही."

दादामियाँनी गोधडी बाजूला केली.

"हात लावला तर हातभर मुंग्या," दादामियाँ हळूच म्हणाले. "कागद सुटत होते. माझा कंदील, मुनव्वर! रझियानं बजावलंय, नजर गेली की दुकानाला कुलूप. चार भिंतींत बसून मी काय करू?"

"म्हणून माझं नाव घेतलंत?"

"तुझं नाव घेतलं की कुणी पुरावा मागत नाही."

मुनव्वरला हसू फुटलं, पण टिकलं नाही. खरं सांगितलं तर म्हाताऱ्याचं दुकान जातं. नाही सांगितलं तर बायको जाते. बाहेर फाटक बंद आणि इथे हे!

त्यानं दार उघडलं.

"हो, मीच घेतला," तो म्हणाला. "गंमत केली."

"बघा," श्रीधर म्हणाला. "माझी दाढ खोटं बोलत नाही."

 रझियानं आपली बॅग उचलली.

तेवढ्यात व्हॅनच्या पायरीवर एक पाऊल आलं. चाचपडलं, पायरी सापडली. दादामियाँ खाली उतरले. छातीशी चुरगळलेला कंदील, कोपरापर्यंत मुंग्या.

"थांब पोरी. चोर मी आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. डबे, साखर, नजर. शेवटी म्हणाले, "आता लाव कुलूप."

रझियानं बॅग खाली ठेवली. ओढणीनं त्यांच्या हातावरच्या मुंग्या झटकत राहिली.

"सोमवारी डोळे दाखवायचे," ती नाक ओढत म्हणाली. "मोतीबिंदू असेल तर काढून घ्यायचा. कुलूप लावायला मी काय सावकार आहे? आणि आधी मला सांगावं, एवढंही वाटलं नाही तुम्हाला!"

दिगंबरनं कँटीनमधून मैदा आणि तुरटी आणून दिली. रझियानं तुरटी चाखून मगच पातेल्यात टाकली. मुनव्वर खळ ढवळत होता. दादामियाँ बोटांनी कडा चाचपून कागद चिकटवत होते. डोळ्यांपेक्षा बोटं तयार होती.

श्रीधर तंबूपुढच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाय पसरून बघत होता.

"म्हणजे नानकटाई यानं बिघडवली नाही. कंदील यानं चोरला नाही. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस निर्दोष निघाला. अशा प्रसंगी उभं राहायला पाहिजे."

तो उभा राहिला.

खुर्चीही त्याच्याबरोबर उठली.

मुनव्वरनं खळीची वाटी गुपचूप पाठीमागे धरली.